नेमीचंदशेठचं जहाज

नेमीचंदशेठनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे तापीचं, तेही एस.टी.च्या खिडकीतून. असा माणूस दोनशे वर्षांपूर्वीचं विलायती शिडाचं जहाज बांधायला बसला, तेव्हा मी हसलो होतो. हे आधीच कबूल केलेलं बरं.

जळगावात पिंप्राळ्याला आमची घरं शेजारी शेजारी. त्यांचं कापडाचं दुकान, आणि मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. अडुसष्टच्या उन्हाळ्यात शेठच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत दुकानाची पायरी चढायला मनाई केली. मुलगा दीपचंद तेव्हा मँचेस्टरला कापडगिरणीचं शिकत होता. बाप घरात बसून झुरेल म्हणून त्याने एक खोकं पाठवलं. त्यात जहाजाच्या सांगाड्याचे लाकडी तुकडे, पातळ पट्ट्या, दोऱ्याची रिळं आणि सूचनांचे वीस इंग्रजी कागद होते. शेठनी उलट टपाली कळवलं, की दिवाळीला तू येशील तेव्हा लक्ष्मीपूजनाला जहाज दुकानाच्या गादीवर असेल. शेठनी दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सूचना वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. रोज शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर. पहिल्या आठवड्यात त्यांनी आठ पट्ट्या कापल्या आणि आठही लांब निघाल्या. गिऱ्हाइकाला मापावर चार बोटं कापड जास्त द्यायची तीस वर्षांची सवय, ती हाताला सोडेना. शिडांचं कापड तर त्यांनी चिमटीत धरून पाहिलं आणि बाजूलाच टाकलं. धुतलं की आटेल म्हणाले. हे धुणार कोण, असं मी विचारलं, तर त्यांनी सरळ घरातली मलमल काढली.

खोक्यात तपकिरी दाण्यांची एक पुडी होती. गरम पाण्यात विरघळवून पट्ट्या चिकटवायचं ते साहित्य. शेठनी विचारलं, हे कशापासून करतात? कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, जनावराच्या कातड्यापासून. ज्या घरात कांदासुद्धा येत नाही त्या घरात मी हे वाचलं असतं, तर काम तिथेच थांबलं असतं. आणि खरं सांगतो, तोवर त्या जहाजाचं वेड मलाच जास्त लागलं होतं. मी म्हणालो, "डिंक आहे कसलातरी विलायती."

त्यांनी मान डोलावली. सायरबाईंनी, म्हणजे शेठच्या पत्नींनी, स्वयंपाकघरातलं पितळी पातेलं काढून दिलं. वास घाण यायचा. विलायती माल, असाच असणार, म्हणून त्या खिडकी उघडायच्या, आणि मी शरमेने कागदात डोकं घालायचो. श्रावण सरेपर्यंत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बसल्या. जहाज इतकं देखणं दिसू लागलं की बघणाऱ्याची नजर हटू नये.

मग पर्युषण आलं. सायरबाईंनी आठ दिवसांचा उपवास धरला. शेठना डॉक्टरांनी उपवास बंद केला होता, त्याचं त्यांना फार लागलं होतं. संवत्सरीला जैन माणूस वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. संध्याकाळी शेठ माझ्या दारात आले, हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्."

त्यांनी माझं काय दुखवलं होतं? माझ्याच्याने ते जोडलेले हात बघवेनात. मी सगळं सांगून टाकलं. कातडं, कागदावरची ओळ, माझं खोटं, सगळं.

शेठनी जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर सुटलो असतो. पण त्यांनी विचारलं, "दुसरं काही राहिलंय का वाचायचं?" मी नाही म्हणालो. ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर गेलो, तर शेठ उकळतं पाणी फडक्याने लावून एकेक पट्टी सोडवत होते. चार महिन्यांचं काम, आणि चेहऱ्यावर आठी नाही. पट्ट्या धुतल्या, घासल्या, उन्हात वाळवल्या. पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं नाही. मग त्यांनी बांबूच्या काड्या तासून गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक खुंट्या केल्या, तापवलेल्या सुईने प्रत्येक पट्टीला भोकं पाडली आणि खुंटी बाभळीच्या डिंकात बुडवून ठोकली. एका पट्टीला चाळीस खुंट्या लागत. एवढं चिवट काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मी रोज जात होतो. ते कागद पुढे करत, मी एकही शब्द न गाळता वाचत होतो. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

दिवाळीपर्यंत एकच बाजू झाली. लक्ष्मीपूजनाला जहाज गादीवर आलं खरं, पण उजवी बाजू भरलेली आणि डाव्या बाजूला नुसत्या फासळ्या. दीपचंदने ते कौतुकाने फिरवून पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, ही बाजू कशी राहिली?"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. दुकान माणसांनी भरलेलं होतं. त्यातले निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप.

शेठ म्हणाले, "आधी मी चुकीचा डिंक लावला होता. मास्तरांनी सांगितलं, म्हणून सगळं सोडवून पुन्हा केलं."

यात एक शब्द खोटा नव्हता. एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, एवढंच. मीही कागदावरची एकच गोष्ट गाळली होती. माझ्या गाळण्यात आणि त्यांच्या गाळण्यात किती अंतर आहे, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि डोळे भरून आले.

पाडव्याला सकाळी मी चाकू घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो आणि न विचारता खुंट्या तासायला बसलो. शेठनी माझी पहिली खुंटी उजेडात धरून पाहिली, जाड आहे म्हणाले आणि परत दिली. डावी बाजू आम्ही दोघांनी केली.