शांघायहून पवईला आणता आलेलं काम

शांघायला निघाले त्या दिवशी मुलुंडच्या आमच्या इमारतीखाली टॅक्सी उभी होती आणि बाबा खिडकीशी वाकून सांगत होते, "थंय जमाक नाय तर परत ये गो. लाज धरू नको." गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून काम शिकलेला माणूस तो. आईनं कोकमांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

तिकडची माझी कंपनी सर्व्हरचे प्रोसेसर बनवायची. प्रोसेसरला ज्या मूळ आज्ञा कळतात, त्यांचा संच कंपनीनं स्वतःच घडवला होता. परदेशी संचाचा परवाना उद्या बंद झाला तर, ही धास्ती तिथे प्रत्येकाच्या बोलण्यात असायची. माझे वरिष्ठ लाओ चेन यांची उमेदीची सगळी वर्षं त्या संचात गेलेली. माझं मँडरिन मोडकंतोडकं. मी चुकले की ते हसायचे नाहीत, शब्द पुन्हा म्हणायला लावायचे.

अडचण अशी की तो संच दुसरं कुणी वापरतच नव्हतं. प्रत्येक सॉफ्टवेअर आम्हीच नव्यानं जुळवायचं. आणि बाहेर रिस्क-फाइव्ह हा खुला संच वाढत होता. परवाना नको, जगभरची माणसं त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. नव्या चिपसाठी काय घ्यायचं, यावर बैठक झाली, तेव्हा लाओ चेननी मलाच विचारलं.

"खुला घ्या," मी म्हणाले.

"तो सगळ्यांचा. मग त्यात आपलं काय?"

"आज्ञा सगळ्यांच्या. चिप आपली."

मग ते म्हणाले, "जुन्या चिपवर कितीतरी कार्यालयं चालतात. त्यांना कुणीतरी लागेल. मी तिकडे थांबतो. नवी तू सांभाळ."

नव्या चिपची पहिली खेप बिघडली. पार वाट लागली होती. चूक शोधायला लाओ चेन स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्या टेबलाशी येऊन बसले, रोज. पुढच्या खेपेला पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा माझ्या तोंडून "झकास" निघालं. त्यांनी अर्थ विचारला नाही.

मग पवईच्या एका छोट्या चिप कंपनीचं बोलावणं आलं. शांघायच्या कंपनीच्या कामातली एक ओळही मला आणता येणार नव्हती, मी आणली नाही. पण खुल्या आज्ञा इथेही त्याच. आज आमची छोटी टीम त्यांच्यावर वीजमीटरसाठी चिप करतेय.

तिकडे परदेशात असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, दूर होते तेव्हा घर म्हणजे मला थकल्यावर परतायची जागा वाटायची. इथे येऊन मी जास्तच थकते, यार. आई विचारते, "इतकं राबायला आलीस होय?" हो, त्यासाठीच आले. या आठवड्यात आराखडा चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे जाईल. चिप बिघडली तर दुसरी करू.