इयरफोनवरची पेटी

दुष्काळ पडला त्याच वर्षी माझे यजमान गेले. बेलापुरात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. दुकानाची जागा रिकामी करून द्यावी लागली. ट्रान्झिस्टर, वायरी, स्पीकर, सगळं पोत्यांत भरून मी ओसरीवर आणून टाकलं. रडू काही येत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "रड गं एकदाची, आतल्या आत कुजशील." त्यांना माझी खरंच काळजी होती. मला कसलीच नव्हती.

नववीतली काही मुलं ती पोती बघून घरी यायला लागली. हाकलायचाही कंटाळा होता, म्हणून त्यांना सोल्डरिंग शिकवलं. स्नेहसंमेलनासाठी विजेवरची पेटी करायचं त्यांनीच ठरवलं. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्या. पट्टी दाबली की सूर निघायचा आणि स्क्रू पिळून तो लावायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं एक सूर जुळला की शेजारचा घसरायचा.

आमच्या घरात वर्षश्राद्ध होईपर्यंत गाणंबजावणं नव्हतं. हे मुलांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पोत्यातून कानात घालायचा इयरफोन शोधला आणि पेटीला जोडला. त्याची पिन आत गेली की स्पीकर बंद पडायचा. वाजवणारी मुलगी एकटीच ऐकायची आणि पायानं ठेका धरायची. तबल्यावरचा मुलगा तिच्या पायाकडे बघत मांडीवर बोटं आपटायचा. इतके महिने ती पेटी घरात वाजत होती, पण मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ऐकावासाही वाटला नव्हता.

संमेलनाला सासूबाई स्वतःच मला घेऊन आल्या. आम्ही मांडवात मागे, कडेला बसलो. पडदा वर गेला, तबला सुरू झाला, मुलीची बोटं पट्ट्यांवर फिरू लागली. आवाज मात्र नाही.

"मुकी पेटी हाय व्हय?" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसायला लागला.

मुलीचे कान लाल झाले, पण तिनं मान वर केली नाही. तिला तर सगळं नीट ऐकू येत होतं. सवयीनं तिनं इयरफोन लावला होता, हे तिथं फक्त मला कळलं. सासूबाईंकडे न बघता मी उठले, लोकांमधून वाट काढत स्टेजवर गेले आणि पिन उपसली.

पेटी एकदम मोठ्यानं वाजली. मुलगी दचकून थांबली. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, वरीस झालं न्हाई अजून."

"तू वाजव," मी म्हणाले.

ती वाजवायला लागली. सूर कर्कश होते, दोन तर चक्क बेसूर. मी वायर हातात धरून तिथंच उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडले.