बाजारातून उठवलेली माय

माझी माय चाळीस वर्षं बार्शीटाकळीच्या बाजारात भाजी विकायला बसली. घरच्या वावरातली मेथी, वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तिच्या जागेवर कोणी गोणपाट टाकलं की ती त्याची अशी खरडपट्टी काढायची, की आजूबाजूचे हातातलं काम सोडून ऐकत बसायचे.

मग ती सत्तरीची झाली आणि आम्हाला लाज वाटायला लागली. हो, लाजच. भावाला नोकरी, मी अकोल्यात होणाऱ्या शिक्षकांना मानसशास्त्र शिकवते, आणि आमची माय बाजारात बसते! भाऊ म्हणाला, "आता आराम कर." मी मोठी शिकलेली, म्हणून वरून पुस्तकातलं जोडून दिलं, की म्हातारपण हा विश्रांतीचा काळ असतो. माणसाच्या वाढीच्या त्या जाडजूड पुस्तकात म्हातारपणाला जेमतेम एक पान आहे. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून तेही मी कधी धड शिकवलं नव्हतं.

"मले काहून घरात बसवून राहिले तुमी? मी का मेली?" माय म्हणाली. आम्ही हसलो. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

घरात तिला काही कमी नव्हतं. वहिनी भली बाई, पण माय भाजी निवडायला बसली की म्हणायची, "राहू द्या." चहा ठेवायला उठली, की "राहू द्या." गावात आमचं कौतुक, पोरं किती काळजी घेतात म्हणून. डोंबलाची काळजी! माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि मग आपणच सांगत सुटायचं, की आता तिला काही सुधरत नाही.

दिवाळीत गेले, तर माय माठाजवळ उभी. पाणी घेऊ का, असं तिनं सुनेला विचारलं. माझं डोकंच फिरलं. भावाशी कडाकडा भांडले, स्वतःलाही सोडलं नाही, आणि पुढच्या बाजारी मेथीची टोपली घेऊन तिच्यासोबत जाऊन बसले. तिच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. माय गुमान बाजूला टेकली.

थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. "मेथी कशी दिली, आजी?"

मायनं जुडी उचलली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "सांगू का वं?"