आबेलच्या वाटची पेज

मृतांच्या सणाला आपल्या डोंगरात घरोघरी जांभळी पेज शिजते. काळ्या मक्याचं पीठ, गूळ, दालचिनी आणि मोरा, म्हणजे इथली ब्लॅकबेरी. थडग्यापाशी पहिला पेला गेलेल्याचा, मग घरच्यांचा.

देल्फिनाबाईंचा नवरा आबेल चैत्रपालवीसारखा हसरा माणूस. तो गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. पेज फिकी दिसली की तो म्हणायचा, "काय गं, फळं उसनी आणलीस का?" यंदा मात्र हिवाने त्याने लावलेल्या काटेरी मोराच्या झुडपांचा मोहोर जाळून टाकला होता. दगडी बांधाच्या उबेला होती तेवढी फळं वाचली. बाई रोज जाऊन बघायच्या, हात लावायच्या नाहीत. काळीभोर होऊ देत, म्हणायच्या.

सणाच्या आदल्या सकाळी त्या चर्चमध्ये गेल्या आणि इकडे सून यादिराने सगळी फळं तोडली. तीही लाल असतानाच! बाजारासाठी मोरा लाल असतानाच तोडतात; काळी झाली की वाटेत तिचं पाणी होतं. समुद्रकाठच्या या पोरीने तेवढीच तोडणी पाहिलेली.

"आई, हात सोलवटले बघा, पण एक फळ मागे ठेवलं नाही!"

बाईंनी टोपलीत पाहिलं. तोडलेली मोरा काही घरात पिकत नाही.

"चुकलं का काही?"

"नाही गं. आबेल वर बसून तोंड वाकडं करील, एवढंच."

यादिराचे डोळे भरले. ती परसात गेली आणि ओंजळभर काळी फळं घेऊन आली. घराच्या आडोशाला तिने हौसेने लावलेल्या बिनकाट्यांच्या मोराच्या झाडांची. ही जात अंगठ्याएवढी फळं देते म्हणे. इथल्या थंडीत ती हरभऱ्याएवढीच राहिली होती.

"लाज वाटली म्हणून दाखवली नव्हती."

"बिनकाट्यांची मोरा म्हणजे बिनमिठाची भाजी," असं बाईच शेजारणींना सांगत आलेल्या. त्यांनी एक तोंडात टाकलं, मग दुसरं. थंडीत सावकाश पिकून गोडी कशी दाटून आली होती! देवाची करणी.

"अगं, मीच खाऊन संपवीन. घाल पातेल्यात. लालही घाल, त्याच्या हातची आहेत ती."

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी बाईंनी पहिला पेला ठेवला. "घे. थोडी तुझी, थोडी सुनेची. जरा आंबट आहे, चालवून घे."

दुसरा पेला त्यांनी स्वतःआधी यादिराच्या हाती दिला.