पूजेनं सुधारलेला कॉम्प्युटर

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचा ब्याण्णव सालचा कॉम्प्युटर भंगारात काढला, अन् तेव्हापासून डोळ्याचं पाणी थांबंना.

ताडकळसच्या टायपिंग क्लाससाठी ह्यांनी तो आणलेला. चालता चालता सारखा अडकायचा. खंडेनवमीला मी त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून सुरळीत! मी गावभर सांगत सुटले. हे हसून म्हणायचे, "लय पावरफुल पूजा हाय तुझी."

आज भंगारवाल्यानं झाकण काढलं. आत ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली : "प्रोसेसर लय तापत हुता, म्हणून मदरबोर्डवरची पिन बदलून त्याचा वेग कमी केला. आता अडकत न्हाई. खंडेनवमी."

तीस वर्षं माझी फुशारकी ऐकून घेतली, गेल्या साली गेले, पण बोलले न्हाईत. "मला कळलं बरं का," हे आता कुणाला जाऊन सांगू?