काचेवर पडलेली सावली

खांदा कॉलनीतल्या गॅरेजवाल्याने नाही म्हणून सांगितलं. आमच्या इतक्या जुन्या गाडीची पुढची काच आता मिळत नाही आणि चरे एवढे खोल आहेत की पॉलिशनेही जाणार नाहीत, असं तो म्हणाला. तेव्हा माझ्या मनात आलं, आम्ही दर्शनाला यावं असं एकवीरा आईलाच वाटत नसेल का?

यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात चालत नाही. बोलणंही कमी झालं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "माझ्या गाडीतून एकदा आईच्या पायाशी न्या. मंग घाला ती भंगारात." दुसऱ्या गाडीत बसायला तयार नव्हते.

ती काच तशी कशाने झाली हे मला ठाऊक आहे. गव्हाणला आमचं मिठागर होतं, तेव्हा गाडी बांधावर उभी असायची. वारा सुटला की काचेवर खारी पूड बसे. हे सकाळी देवपूजा करून यायचे आणि खांद्यावरच्या कोरड्या पंच्याने ती पुसायचे, देव पुसावेत इतक्या मायेने. पाणी घ्यावं असं त्यांच्या मनातही येत नसे. रास लागलेल्या मिठाजवळ पाणी न्यायचं नाही, ही सवय हातातच मुरलेली. असे वर्षानुवर्षं मिठाचे कण काचेवर घासले गेले. पण त्याच काचेतून मी कर्नाळ्याचा सुळका पहिल्यांदा जवळून पाहिला. माहेरची वाटही तिच्यातूनच दिसायची. मी पुढे बसायचे, मांडीवर ओटीचा नारळ, आणि हे गुणगुणत गाडी चालवायचे. अजून कधी कधी ती धून कानात येते.

शेवटी चैत्रात सूनबाई म्हणाली, "आई, मी चालवते. सकाळी लवकर निघू, ट्रॅफिक लागणार नाही."

पनवेल मागे पडलं आणि सूर्य नेमका समोर आला. एकेक चरा पेटल्यासारखा झाला, सगळी काच पांढरी दिसू लागली.

"बाबा, ही काच आहे की किसणी?" सूनबाई डोळे बारीक करत म्हणाली.

"याच किसणीतून तुजी वरात आणली मी," हे मागून म्हणाले.

तेवढ्यात समोर एक सायकलवाला अचानक दिसला. तिने कचकन ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. "आई, मला खरंच काही दिसत नाहीये. परत जाऊया."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला कळलं, आज मागे फिरलो तर हे पुन्हा कधी मागणार नाहीत. सूर्य वर येईपर्यंत थांबावं तर पुढचा उकाडा यांना सोसणार नव्हता. मी डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हटलं, आई, आता तूच बघ.

डोळे उघडले तेव्हा पेंढ्याने भरलेला एक उंच ट्रक आमच्या बाजूने हळू पुढे जात होता. त्याची सावली काचेवर पडली आणि पेटलेली काच विझली. "आई, दिसतंय," सूनबाई म्हणाली आणि तिने गाडी त्याच्यामागे घातली. तो ट्रक ना जोरात गेला, ना कुठे वळला. खोपोलीपर्यंत आम्ही त्याच्या सावलीत गेलो.

तिथे तो चहाला थांबला. सूर्य एव्हाना वर आला होता. मी परक्या माणसाशी सहसा बोलत नाही, पण उतरून ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, आमच्यासाठी तुम्ही हळू चाललात. उपकार झाले."

तो हसला. "तुमच्यासाठी कुठं काकू? इंजिन तापतंय माझं. सकाळपासून शिव्या घालतोय त्याला."

त्याची अडचण आणि आमचा आधार एकच गोष्ट होती, आणि ते त्याला माहीतही नव्हतं. याला काय म्हणावं ते मला कळत नाही. मी फक्त घडलं ते लिहिते आहे.

कार्ल्याला आईच्या डोंगराच्या पायऱ्या यांना चढवेनात. सूनबाई त्यांच्याजवळ खाली थांबली, ओटी घेऊन मी वर गेले. यांच्या हातासाठी मागणं मागायचं ठरवून गेले होते, पण आईसमोर उभी राहिले आणि शब्दच आठवेनात. डोळे भरून पाहिलं, कुंकू घेतलं आणि उतरले.

"काय मागितलंस गो?" यांनी विचारलं.

"काय नाय."

आजारपणानंतर पहिल्यांदाच हे मोकळं हसले. "बरा केलास. तिला ठाव हाय."

आता रोज दिवा लावते तेव्हा मीही काही सांगत बसत नाही. हात जोडते, आणि तेवढ्याने मन भरून येतं.