राखेतलं बी
गोवरीच्या राखेचा वास आला की आईची कात्रजची गच्ची आठवते. घेवड्यावर मावा पडला की ती पानांवर राख भुरभुरायची, आणि वेलावरच वाळवलेल्या शेंगांचं बी कीड लागू नये म्हणून त्याच राखेत, डब्यात पुरून ठेवायची. तिच्या माहेरचं बी होतं ते. तिच्या तेराव्याला मी वहिनीकडे तो डबा मागितला. "अहो ताई, त्यात नुसती राख होती. सकाळीच समया घासल्या त्या राखेनं. बघा, कशा लखलखताहेत! मधे जुनाट बिया निघाल्या, त्या चाळून टाकल्या." दादा म्हणाला, "मंडईत मिळतं की बी." आता तेच लावते. शेंगा येतात, बेचव. मावा मात्र दरवर्षी न चुकता येतो. त्याचं बी कुणाला जपावं लागत नाही.